आयर्लंडमधील ‘लेव्हल ८’ आणि ‘लेव्हल ९’

प्रश्न : वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या माझ्या मुलीला आयर्लंडमध्ये डेटा ॲनालिटिक्स शिकायचे आहे. एका महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात ‘हायर डिप्लोमा, लेव्हल ८’ आणि ‘मास्टर्स, लेव्हल ९’ असे दोन पर्याय आहेत. हे आकडे कशाचे? ब्रिटनमध्ये मास्टर्स सातव्या लेव्हलवर असते, असे ऐकतो. मग आयर्लंडची आठवी त्याहून वरची समजावी काय?
– एक पालक

उत्तर : तशी समजू नये. आयर्लंडने २००३ साली आपली प्रमाणपत्रे, पदविका व पदव्या दहा स्तरांच्या एका राष्ट्रीय चौकटीत आणल्या. त्यात शालेय शिक्षणाअखेरचे लीव्हिंग सर्टिफिकेट चौथ्या-पाचव्या स्तरावर, ऑनर्स पदवी आठव्या, मास्टर्स नवव्या आणि पीएच.डी. दहाव्या स्तरावर येते. अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर विद्यार्थ्याला काय माहीत असावे, काय करता यावे आणि ते कितपत स्वतंत्रपणे करता यावे, यावरून स्तर ठरतो. संस्थेचा नावलौकिक, शुल्क किंवा मिळालेले गुण यांचा त्याच्याशी संबंध नाही.

अभ्यासाचा व्याप स्तरातून कळत नाही, तो क्रेडिटमध्ये मोजतात. पूर्णवेळ शैक्षणिक वर्षाची ६० क्रेडिट धरली जातात. त्यामुळे ६० क्रेडिटचा पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा आणि सामान्यतः ९० क्रेडिटचे मास्टर्स हे दोन्ही नवव्याच स्तरावर असतात.

हायर डिप्लोमा मात्र आठव्या स्तरावर, म्हणजे ऑनर्स पदवीच्या बरोबरीने येतो. दुसऱ्या विषयाकडे वळू पाहणाऱ्या पदवीधरांसाठी तो प्रामुख्याने असतो, आणि पदवीनंतर घेतला म्हणून त्याचा स्तर वाढत नाही. माहितीपत्रके त्याला सर्रास ‘पदव्युत्तर’ या मथळ्याखाली छापतात, तेथेच पालकांची गफलत होते.

राहिला ब्रिटनचा प्रश्न. तेथे इंग्लंडच्या चौकटीत मास्टर्स सातव्या स्तरावर असते, तर स्कॉटलंडच्या बारा स्तरांच्या चौकटीत अकराव्या. शिड्या वेगळ्या असल्याने नुसत्या आकड्यांची तुलना व्यर्थ आहे. ती करायचीच झाल्यास युरोपीय पात्रता चौकटीचे आठ स्तर उपयोगी पडतात. त्यांत आयर्लंडची आठवी लेव्हल सहाव्या आणि नववी सातव्या स्तराशी जोडलेली आहे.

मुलीचा गणिताचा व प्रोग्रॅमिंगचा पाया कच्चा असेल, तर हायर डिप्लोमा मुळीच वावगा नाही. मात्र त्या महाविद्यालयात मास्टर्सला थेट प्रवेश मिळू शकतो का, हे आधी लेखी विचारावे; कारण शिक्षणानंतर नोकरीसाठी तेथे राहण्याची परवानगी आठव्या स्तरावर साधारण १२ महिन्यांची, तर नवव्या स्तरावर २४ महिन्यांपर्यंत मिळू शकते.