ग्लॉक की टॉरस? निम्म्या किमतीचे पिस्तूल आणि काही शंका

प्रश्न : मी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो असून ठाण्यात मानपाडा परिसरात राहतो. माझ्याकडे परवान्याचे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आहे. माझा मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यात स्थायिक झाला असून त्याने घराच्या संरक्षणासाठी ९ मिलिमीटरचे पिस्तूल घेण्याचे ठरवले आहे. ग्लॉक १९ आणि टॉरस जी३ ही दोन पिस्तुले त्याने दुकानात हाताळून पाहिली. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या जवळजवळ निम्मी आहे आणि दिसण्यात दोन्ही सारखीच वाटतात, असे तो म्हणतो. मी आयुष्यभर ब्राउनिंग हे लोखंडी पिस्तूल हाताळले, त्यामुळे या प्लास्टिकच्या पिस्तुलांबद्दल मला काही सांगता येत नाही. स्वस्तातले घेतल्यास पश्चात्ताप होईल का? पुढे तो भारतात परतल्यास हे पिस्तूल सोबत आणता येईल का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छोटे आणि स्पष्ट आहे, म्हणून ते आधी देतो. आणता येणार नाही. ९ मिलिमीटर हा आपल्याकडे निषिद्ध बोअर, म्हणजे सामान्य नागरिकांसाठी बंद असलेले नळीचे माप आहे आणि त्याचा परवाना आपल्या रिव्हॉल्व्हरच्या परवान्याप्रमाणे पोलिस आयुक्तालयातून मिळत नाही. तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो आणि सर्वसामान्य नागरिकाने त्याची आशा धरू नये. शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निषिद्ध शस्त्र बाळगण्यास किमान ७ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. पिस्तूल राहू द्या, सरावानंतर बॅगेच्या कप्प्यात विसरून राहिलेले एखादे काडतूस मुंबई विमानतळावर सापडले तरी शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून सरावाला नेण्याची बॅग प्रवासाला कधीही वापरायची नाही, एवढे चिरंजीवांना आजच कळवावे.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी. ‘स्थायिक’ म्हणजे ग्रीन कार्डधारक किंवा नागरिक असेल तर अडचण नाही. परंतु तो एच-१बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असेल, तर तेथील संघीय कायद्यानुसार त्याला पिस्तूल आणि काडतुसे दोन्ही बाळगण्यास मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर हा नियम टेक्सासमध्येही लागू होतो. आपल्याकडील अनेक कुटुंबांची समजूत अशी असते की टेक्सासमध्ये कोणीही दुकानात जाऊन पिस्तूल घेऊन येतो, पण तसे नाही.

आता मूळ तुलनेकडे वळू. आपण ज्याला प्लास्टिक म्हणता ती नायलॉनच्या जातीची पॉलिमर फ्रेम आहे. तिच्यात पोलादी पट्ट्या बसवलेल्या असतात आणि पोलादी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, त्या पट्ट्यांवरून मागे-पुढे सरकते. नळी, स्लाइड, स्प्रिंगा, फायरिंग पिन हे सगळे धातूचेच असते. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ग्लॉक १७ स्वीकारले तेव्हा जुन्या मंडळींनी नाके मुरडली होती. पॉलिमर फ्रेमचे ते पहिलेच पिस्तूल नव्हते, जर्मनीच्या हेक्लर अँड कोखने १९७० मध्येच व्हीपी७० काढले होते. पण ही फ्रेम सैनिक आणि पोलिस यांच्या कमरेला लावली ती ग्लॉकने. आपल्या ओळखीच्या ब्राउनिंगच्या जागी ब्रिटिश लष्कराने २०१३ मध्ये ग्लॉक १७ घेतले, अमेरिकेच्या एफबीआयने २०१६ मध्ये ९ मिलिमीटरसाठीही ग्लॉकच निवडले आणि आपल्या एनएसजीचे कमांडोही ग्लॉक वापरतात. मुलाने पाहिलेले ग्लॉक १९ हे १९८८ पासून चालत आलेले, १७ पेक्षा थोडे आखूड आणि १५ काडतुसांचे मॉडेल आहे.

टॉरस ही ब्राझीलची कंपनी १९३९ मधली, म्हणजे वयाने ग्लॉकपेक्षा बरीच थोरली. तिचे जी३ मात्र २०१९ मधले आहे. मोजमापे पाहिली तर दोघांत निवड करण्याजोगे फारसे काही नाही. दोन्हींची नळी सुमारे चार इंचांची आहे, रिकामे असताना दोन्हींचे वजन पाऊण किलोच्या आत भरते, आणि जी३मध्येही १५ काडतुसांचे मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) बसते. अमेरिकी दुकानांत ग्लॉक साधारण साडेपाचशे ते सहाशे डॉलरला आणि जी३ तीनशे डॉलरच्या आसपास मिळते. दिवाणखान्याच्या अंतरावर, म्हणजे सात-आठ मीटरवर, नेमबाजीत जो फरक पडेल तो पिस्तुलाचा कमी आणि हाताचा अधिक असेल.

मग जास्तीचे अडीचशे डॉलर जातात कुठे? माझ्या मते त्यांतला मोठा वाटा सातत्याला जातो. ग्लॉकचा चाप हलकाफुलका नाही आणि देखणा तर मुळीच नाही, पण दुकानातल्या एका पिस्तुलाचा चाप जसा लागतो तसाच शेजारच्या पिस्तुलाचाही लागतो, आणि हजारो काडतुसांनंतरही तो फारसा बदलत नाही. जी३चा चाप आधी बराच लांब, सैल प्रवास करतो आणि मग एका ठिकाणी अडून सुटतो. सवयीने तो अंगवळणी पडतो, पण घाईत त्या सैल प्रवासात बोट कुठवर आले आहे याचा अंदाज नवख्याला येत नाही. दुसरा वाटा सुट्या भागांना जातो. रिक्षाचा कोणताही भाग ठाण्यात जसा कोपऱ्यावर मिळतो तशी ग्लॉकची मॅगझिने, स्प्रिंगा आणि होल्स्टर अमेरिकेत जागोजागी मिळतात, आणि दुरुस्त करणारे हातही तितकेच सहज सापडतात. गंमत अशी की इतके पैसे मोजूनही ग्लॉकच्या साध्या मॉडेलवर नेम धरण्याची माशी आणि खाच प्लास्टिकचीच येते आणि अनुभवी लोक ती लगेच काढून धातूची बसवतात. हा कंजूषपणा मला आजवर समजलेला नाही.

जी३च्या बाजूनेही बोलायला हवे. काडतूस पेटले नाही तर जी३मध्ये चाप पुन्हा ओढून त्याच काडतुसावर दुसरा ठोका देता येतो, ग्लॉकमध्ये मात्र स्लाइड ओढावीच लागते. जाहिरातीत या सोयीचे बरेच कौतुक असते. पण बहुतेक प्रशिक्षक मॅगझिनवर थाप मारून स्लाइड ओढायलाच शिकवतात, कारण न पेटलेल्या काडतुसाची दुसऱ्यांदा परीक्षा घेण्यात वेळ घालवण्यापेक्षा नवे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसते त्या जागेत) आणणे केव्हाही बरे. त्यापेक्षा उपयोगाची गोष्ट म्हणजे जी३ हाताने लावायच्या सेफ्टीसह मिळते. ग्लॉकला अशी कळ नसते. ग्लॉकच्या तिन्ही सुरक्षा यंत्रणा आतल्या आत असतात आणि चाप पूर्ण दाबला की आपोआप मोकळ्या होतात. ब्राउनिंगच्या सेफ्टीवर आयुष्यभर अंगठा ठेवलेल्या आपल्यासारख्या माणसाला हे उघडेवाघडे वाटेल आणि ते स्वाभाविक आहे. ब्राउनिंगची सवय असलेल्यांना ग्लॉकची मूठ अधिक तिरकी लागते, त्यामुळे डोळे मिटून पिस्तूल समोर धरून डोळे उघडले की नळी निशाणाच्या थोडी वर रोखलेली दिसते. चिरंजीवांनी हा प्रयोग दुकानात, रिकाम्या पिस्तुलाने आणि दुकानदाराच्या परवानगीने, दोन्ही पिस्तुलांवर करून पाहावा.

टॉरसचा पूर्वेतिहास मात्र झाकून ठेवण्याजोगा नाही. खाली पडल्यावर किंवा सेफ्टी लावलेली असतानाही गोळी सुटते, अशा तक्रारींवरून अमेरिकेत तिच्या नऊ जुन्या मॉडेलांविरुद्ध सामूहिक दावा झाला आणि २०१५ मध्ये तडजोड झाली. तिच्या कक्षेत जवळपास दहा लाख पिस्तुले होती. कंपनीने दोष मान्य केला नाही. जी३ त्या यादीत नाही, त्याची रचनाही नंतरची आहे, परंतु जुन्या बाजारात कमी किमतीत दिसणारी पीटी-१११ मिलेनियम किंवा पीटी-२४/७ यांसारखी पिस्तुले मुलाने हातातही घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्लॉकलाही २०११ मध्ये चौथ्या पिढीतल्या पिस्तुलांच्या रिकॉइल स्प्रिंगा (गोळी सुटल्यावर स्लाइड पुन्हा पुढे आणणाऱ्या) बदलून द्याव्या लागल्या होत्या, तेव्हा पिस्तूल कोणतेही घेतले तरी त्याचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून काही सूचना आहे का ते पाहणे आवश्यक आहे.

निर्णय काय घ्यावा? मुलगा महिन्यातून एकदा तरी सरावाला जाणार असेल तर त्याने नवे जी३ घ्यावे आणि वाचलेले पैसे काडतुसांवर आणि प्रशिक्षणावर खर्च करावेत. सरावाचे काडतूस साधारण पंचवीस-तीस सेंटला पडते, म्हणजे दोन किमतींतल्या फरकात आठशेहून अधिक काडतुसे येतात आणि तेवढ्या सरावाने जो हात तयार होतो तो कोणत्याही पिस्तुलाच्या नावाने तयार होत नाही. यातली पहिली दोन-तीनशे काडतुसे पिस्तुलाचीच परीक्षा आहेत, असे समजून प्रत्येक मॅगझिन वेगळे तपासावे, कारण काडतूस अडकण्याचा दोष पुष्कळदा मॅगझिनच्या ओठांत, म्हणजे वरच्या कडांत, किंवा स्प्रिंगेत असतो. घरात ठेवायची पोकळ टोकाची काडतुसेही थोडी चालवून पाहावीत, कारण गोल टोकाची सुरळीत जातात म्हणून ती जातीलच असे नाही. यात वारंवार अडथळा आला तर पिस्तूल कंपनीकडे पाठवावे आणि तोवर त्यावर भिस्त ठेवू नये. उलट, खरेदीनंतर ते कपाटातच राहणार असेल तर ग्लॉक घ्यावे. ज्या पिस्तुलाची परीक्षा आपण स्वतः घेणार नाही, त्याची इतरांनी घेतलेली असणे बरे. तेथील बहुतेक शूटिंग रेंजवर पिस्तूल भाड्याने मिळते, तेव्हा आधी दोन्ही एकाच दिवशी, एकाच जातीची काडतुसे घालून चालवून पाहावीत.

दोन्ही पिस्तुले सफाईसाठी उघडताना चाप ओढावा लागतो, आणि ब्राउनिंगच्या सवयीच्या माणसाला हे विचित्र वाटते. क्रम चुकला तर येथेच अपघात होतो. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळीनेही चाचपायचे, टेबलावरची काडतुसे दुसऱ्या खोलीत न्यायची, आणि त्यानंतरच नळी सुरक्षित दिशेला धरून चापाला बोट लावायचे. घरात लहान मूल असल्यास बोटांच्या खुणेने वा आकड्यांच्या कुलपाने उघडणारी पोलादी पेटी पिस्तुलासोबतच घ्यावी. भरलेले शस्त्र निष्काळजीपणे ठेवल्याने ते १७ वर्षांखालील मुलाच्या हाती लागले, तर टेक्सासमध्ये तो गुन्हा आहे.

प्रश्न : मी नवी मुंबईत सीवूड्स येथील एका मॉलमध्ये सुरक्षा पर्यवेक्षक आहे. ही पॉलिमरची पिस्तुले मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून निसटतात, असे आमच्यापैकी काही जण खात्रीने सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : खरे नाही. १९८० च्या दशकात ग्लॉक अमेरिकेत आले तेव्हा हीच भीती तेथील वर्तमानपत्रांतून आणि संसदेत व्यक्त झाली होती आणि १९८८ मध्ये डिटेक्टरला न सापडणाऱ्या शस्त्रांविरुद्ध कायदाही झाला. पण त्या कायद्याने ग्लॉकवर बंदी आली नाही, कारण त्यात पोलाद भरपूर असते. नळी आणि स्लाइड मिळून वजनाचा मोठा भाग धातूचाच असल्याने चौकट वाजते आणि क्ष-किरण यंत्रावर स्लाइडचा चौकोनी आकार स्पष्ट दिसतो. निसटते ते माणसांच्या घाईमुळे. सुट्टीच्या संध्याकाळी चौकट सतत वाजत असते आणि कमरेच्या पट्ट्याचे बकल असेल असे गृहीत धरून माणूस पुढे सोडला जातो, तेव्हा चौकट वाजली की हातातल्या डिटेक्टरने कमरेची मागची बाजू आणि घोटे तपासल्याशिवाय कोणालाही आत सोडायचे नाही, असा नियम आपल्या पाळीतल्या सर्वांना घालून द्यावा.