बाळ बघतं छताकडे आणि आपण रंगवतो भिंती

या वेळी बाळाची खोली रंगवण्याबद्दलच इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकलले. सगळी छापणं शक्य नाही, ज्यातले प्रश्न परत परत आले ती पत्रं घेतलीयत.

प्रश्न: ताई, मला सातवा महिना चालू आहे. बाळाची खोली घरच्या घरी रंगवायची असं ठरवलंय, म्हणजे नवरा भिंती करणार आणि मी बसल्या बसल्या खिडक्या-दारं घासून रंगवणार. घर बरंच जुनं आहे, खिडक्यांवर ऑइल पेंटचे किती थर चढलेत देव जाणे. सासूबाई म्हणतात रंगाचा वास पोटातल्या बाळाला चांगला नाही, नवरा म्हणतो हल्लीच्या रंगांना वासच नसतो. कुणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचं थोडं थोडं ऐका, पण ते खिडक्या घासायचं काम आजच्या आज रद्द करा. वासाचं नंतर बोलू, आधी हे.

जुन्या ऑइल पेंटमधे शिसं असू शकतं. रंग लवकर वाळावा, टिकावा, पिवळा-पांढरा उठून दिसावा म्हणून पूर्वी ते सर्रास घालायचे. अमेरिकेने घरगुती रंगातलं शिसं १९७८ मधे बंद केलं, कितीतरी देशांत नियम त्याच्या खूप नंतर आले आणि काही ठिकाणी अजूनही नाहीत. थर शाबूत असेल तोवर ते आपलं भिंतीवर गप्प बसलेलं असतं, पण कोरडा पॉलिश पेपर मारला की त्याची बारीक धूळ होते, ती श्वासातून आणि हातावरून पोटात जाते आणि आईच्या रक्तातून नाळेवाटे बाळापर्यंत पोचते. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. त्यात खिडकी ही सगळ्यात वाईट जागा, कारण रोजच्या उघडझापीत रंगावर रंग घासला जातो आणि धूळ बरोब्बर त्या कट्ट्यावर साठते जिथे उद्या बाळ हात टेकून उभं राहणार.

मग करायचं काय? जुन्या रंगाचा तुकडा लॅबमधे तपासून घ्या. शिसं निघालं पण रंग घट्ट असेल तर पुसून, प्रायमर मारून त्याच्यावरच नवा रंग द्या. पोपडे सुटत असतील तर ते काम माहितगार माणसाकडूनच, ओलं करून, खाली प्लास्टिक अंथरून करून घ्या आणि काम संपून फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसून होईपर्यंत तुम्ही त्या घरात नको. दाराआड बसते म्हणाल तर तेही नको.

आता वास. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पाण्यात कालवायच्या इमल्शनला ऑइल पेंटपेक्षा खूपच कमी वास येतो हे खरं, पण वास नाही म्हणजे वायू नाही असं नसतं. रंग वाळताना जी उडून जाणारी रसायनं हवेत मिसळतात त्यांना व्हीओसी म्हणतात, डब्यावर 'लो व्हीओसी' किंवा 'झिरो व्हीओसी' लिहिलेलं बघून घ्या, नुसतं 'ओडरलेस' वाचून खूश होऊ नका. अजून एक गंमत म्हणजे हे आकडे बऱ्याचदा पांढऱ्या बेसचे असतात, दुकानात त्यात शेडचं टिंटर, म्हणजे घट्ट रंगद्रव्य, टाकलं की आकडा वाढू शकतो आणि शेड जितकी गडद तितकं टिंटर जास्त. म्हणून विचारताना टिंटरसकट विचारा. घरात शिसं नको असेल तर नवीन डब्यावरही लक्ष ठेवा, शिसं ९० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) कमी असं लिहिलेलं हवं.

आणि वेळ. इमल्शन दोनेक तासांत हाताला कोरडं लागतं, पण आतून पूर्ण पक्कं व्हायला तीन-चार आठवडे घेतं, त्यामुळे तारखेच्या आधी निदान महिनाभर काम आटपलेलं बरं. खिडक्या उघड्या ठेवा, एका खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेला तोंड करून लावा म्हणजे खोलीतली हवा बाहेर फेकली जाते. आमच्या थोरलीच्या वेळी आम्ही शेवटच्या आठवड्यात रंगाला हात घातला आणि बाईसाहेब सहा दिवस आधीच आल्या, मग काय, ती खोली कित्येक दिवस नुसती बाबागाडी ठेवायला. पण बिघडलं काहीच नाही, कारण अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ तर सांगतातच की पहिले निदान सहा महिने बाळाने आईबाबांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या बिछान्यावर झोपावं. तेव्हा उशीर झालाच तर जीव टांगणीला लावू नका, बाळाला त्या खोलीची घाई नसते, आपल्याला असते.

प्रश्न: मुलगा होणार की मुलगी माहीत नाही, त्यामुळे रंगावरून घरात रोज चर्चासत्र. एक जण म्हणतो पिवळा घ्या, दुसरा म्हणतो पिवळ्या खोलीत बाळं जास्त रडतात, बहिणीने काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अख्खी भिंत सुचवलीय कारण म्हणे बाळाला तेच दिसतं.

उत्तर: बाळं भुकेने रडतात, झोप आली की रडतात, उगाचही रडतात. त्याचा दोष पिवळ्यावर नको.

मुलगा-मुलगीच्या रंगाचं तर सोडूनच द्या. १९१८ साली अमेरिकेतल्या लहान मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने चक्क गुलाबी मुलग्यांना आणि निळा मुलींना असं छापलं होतं, कारण गुलाबी म्हणे जास्त ठाम रंग! तेव्हा हे सगळं दुकानदारांनी ठरवलेलं, ते आपण भिंतीवर कशाला घ्यायचं.

बहिणीचं म्हणणं निम्मं बरोबर. नुकत्या जन्मलेल्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरपर्यंतच नीट दिसतं, म्हणजे मांडीवर घेतल्यावर आपला चेहरा जेवढा लांब असतो तेवढंच, आणि ठळक काळं-पांढरं त्याला लवकर कळतं. पण मग दहा फुटांवरची भिंत रंगवून काय उपयोग? एका कार्डावर पट्टे काढा आणि ते जवळ धरा, काम झालं. चारेक महिन्यांनी रंग बऱ्यापैकी कळायला लागतात तोपर्यंत ती पट्ट्यांची भिंत बघून तुमचंच डोकं उठलेलं असेल.

मला विचाराल तर रंग तुम्हाला आवडेल तो घ्या, कारण रात्री तीन वाजता बाळाला खांद्यावर घेऊन त्या भिंतींकडे तुम्हीच बघत बसणार आहात. फक्त शेड कार्डवरून ठरवू नका. एवढ्याशा तुकड्यावर फिका वाटणारा रंग चारही भिंतींवर गेला की एकमेकांवर पडून भडक होतो, तेव्हा आवडल्यापेक्षा एक शेड फिकी घ्या आणि भिंतीवरच दोन बाय दोन फुटाचा चौकोन दोन हात मारून रंगवा आणि सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा. आणि छत विसरू नका हो! बाळ दिवसभर उताणं पडून छताकडेच बघत असतं आणि आपण तिथे मारतो पांढरा आणि वर टांगतो डोळ्यात घुसणारा बल्ब. छताला हलकी शेड द्या, मॅट द्या म्हणजे चमकणार नाही, आणि दिवा बाजूला घ्या. भिंती मात्र खालून कंबरेपर्यंत तरी सॅटिन किंवा धुता येण्यासारख्या हव्यात, वर्षभरात तिथे काय काय चिकटणार आहे ते अनुभवी लोक सांगतील.

प्रश्न: एका भिंतीला कोपऱ्यात ओल आहे, काळे ठिपकेपण आलेत. पेंटर म्हणतो बुरशीचा स्पेशल रंग मारला की दिसणार नाही.

उत्तर: दिसणार नाही, पण असेल. ओल कुठून येते ते आधी शोधा, नळ असेल, बाहेरची भेग असेल, बाथरूम असेल. ते दुरुस्त करून भिंत वाळू द्या, मग लांबी (म्हणजे पुट्टी), प्रायमर, रंग. वाळली का बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक-दोन दिवस ठेवा, आतून दव धरलं तर अजून थांबा. तोवर पाळणा त्या खोलीत नको.

प्रश्न: मला डोंगर आणि ढग स्वतः काढायचेत पण मास्किंग टेप काढली की कडा फाटतात आणि रंग आत झिरपतो.

उत्तर: टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी खालचाच, म्हणजे भिंतीचा जुना रंग पातळसा फिरवा, झिरपायचं ते तोच झिरपेल आणि फट बुजेल. मग वर डोंगराचा रंग. टेप शेवटचा हात किंचित ओला असतानाच काढायची, तिरकी, सावकाश, स्वतःच्या अंगाकडे ओढत. भिंतीचा रंग नवा असेल तर दोन दिवस तरी थांबून मगच टेप लावा नाहीतर पोपडा सोबत येतो. ढगांना टेप नकोच, जुना स्पंज घ्या, जवळपास कोरडा, आणि नुसतं टेकवत जा. पहिला ढग बटाट्यासारखा येतो, सगळ्यांचाच येतो.

प्रश्न: माझ्या लहानपणीचा लाकडी पाळणा आईने जपून ठेवलाय, तो नव्याने रंगवून वापरायचा आहे. कुठला रंग घेऊ?

उत्तर: वाचून गलबलून आलं, पण तरी आधी नाहीच म्हणते. भिंत बाळ चाटत नाही, पाळण्याचा कठडा मात्र दात यायला लागले की अक्षरशः कुरतडतं, तेव्हा जुना रंग शिशाचा निघाला तर वरून नवा हात देऊन भागत नाही. तपासून घ्या. शिसं नसेल तर गजांमधली फट मोजा, सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर बाळाचं अंग त्यातून घसरून डोकं अडकू शकतं. दोन्ही ठीक निघालं तर खेळण्यांसाठी चालणारा पाण्याचा रंग घ्या, डब्यावर ईएन ७१-३ (खेळण्यांच्या सुरक्षिततेचं युरोपीय मानक) असं लिहिलेलं असतं, आणि महिनाभर वाळू द्या. नाहीतर त्यात टेडी बसवा आणि खोलीच्या कोपऱ्यात ठेवा. आईला वाईट वाटलं तर माझं नाव सांगा.