तोंडी पाच, लेखी दोन

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज पोचला. गणितात लेखी दोन, तोंडी पाच. जीवशास्त्रात लेखी चार, तोंडी परत पाच. वर्गशिक्षिका म्हणाल्या, पुढच्या वर्षी गिम्नाझियमऐवजी, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेऐवजी, दहावीपर्यंतच्या रेआलशूलचा विचार करा. ‘पिंपरीत मी पहिल्या तिनात असायचो, इथे येऊन ढ झालो,’ असं तू लिहिलंस. बाबा घरात धड बोलत नाहीयेत, हे आईने मला वेगळं सांगितलं.

आजीला फोनवर ‘तोंडी पाच मिळाले’ एवढंच सांग. जर्मनीत १ म्हणजे उत्तम आणि ५-६ म्हणजे बोंब, हे तिला कळेपर्यंत घरात एक माणूस तरी खूश राहील.

आता मुद्द्याचं. परक्या भाषेतल्या पेपरात दोन आणणारा मुलगा ढ नसतो. तुला गणित येतं हे बाईंना पेपरावरून कळलंय. वर्गात तू काय विचार करतोस, याचा मात्र त्यांना पत्ता लागत नाही, आणि इथे त्याचेही गुण असतात. आपल्याकडे गप्प बसणारं पोर शहाणं. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणतच आपण सगळे पहिलीत बसलो. इथे तेच बोट तोंडावरून काढून वर करायचं असतं. आणि खरोखर बोटच. तळहात पसरून हात पुढे केला की हिटलरच्या काळातला सलाम आठवतो, म्हणून शाळांमध्ये तर्जनी वर करायची पद्धत आहे, असं म्हणतात. ते बोट वर जात नसेल तर ‘मुलगा शांत आहे, समंजस आहे’ अशी नोंद होत नाही. ‘सहभाग नाही’ अशी होते, आणि तिचेच हे पाच.

तुला हे अन्यायाचं वाटतंय. थोडा आहेच. भाषा नसलेल्या मुलाला बोलण्याचे गुण देणं म्हणजे काय, हे मीसुद्धा इथल्या शिक्षकांना विचारलेलं आहे. पण पद्धत बदलेपर्यंत तू काही आठवीत बसून राहणार नाहीस, तेव्हा तिचे नियम नीट समजून घे. आपल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात प्रत्येक विषयशिक्षकाने शिकवायला सुरुवात करतानाच सांगायचं असतं की लेखी आणि तोंडीचं वजन साधारण किती धरणार. बाईंनी सप्टेंबरमध्ये ते सांगितलं असणार. तू तेव्हा नव्या मुलांना जर्मन शिकवणाऱ्या तयारीच्या वर्गातून नुकताच आला होतास, कानावरून गेलं असेल. आता जाऊन विचार. तास संपल्यावर, दप्तर भरता भरता नाही. ‘दोन मिनिटं वेळ आहे का’ म्हणून रीतसर. तोंडीमध्ये मी सध्या कुठे आहे आणि चार व्हायला काय करू, हेही विचार. असं विचारणं म्हणजे उलट बोलणं नव्हे. इथल्या शिक्षकांना विचारणारा विद्यार्थी आवडतो.

बोलायचं कसं, हा तुझा खरा प्रश्न. ‘मनात वाक्य जुळवेपर्यंत दुसरा कुणीतरी उत्तर देऊन मोकळा होतो,’ असं तू म्हणतोस. होणारच. म्हणून वाक्य वर्गात जुळवायचंच नाही. आदल्या संध्याकाळी उद्याच्या धड्यावरचं एक वाक्य आणि एक प्रश्न वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेव आणि तासाच्या पहिल्या दहा मिनिटांतच बोट वर कर. सुरुवातीला प्रश्न सोपे असतात, मागच्या तासाची उजळणी चालू असते, गृहपाठ कोण वाचून दाखवणार असं विचारतात. गृहपाठ वाचणं हे तर आयतं आहे, उत्तर तुझ्यासमोर लिहिलेलंच असतं. पुढे चर्चा रंगली की तुला शिरकाव करणं अवघड जाईल. तेव्हा खुशाल ऐकत बस. नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणारे डेअर, डी, डास चुकले तर चुकू दे. तुझ्या वर्गात जन्मापासून जर्मन बोलणारी मुलंही तोंडाला येईल ते बोलतात, फक्त ती बिनधास्त बोलतात.

दुसरी गोष्ट सांगते, ती तुझ्या बाबांनाही वाचून दाखव. त्यांचं म्हणणं, ‘दीड वर्ष झालं, मित्रांशी फाडफाड बोलतो, मग जीवशास्त्रात चार कसे?’ कॅनडातले जिम कमिन्स नावाचे अभ्यासक आहेत. त्यांनी १९७९ सालीच बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक करून दाखवला. मैदानावरची, बसमधली भाषा मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात. पुस्तकातली, पेपरातली भाषा वर्गातल्या इतरांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे फुटबॉल खेळताना तुझं जर्मन ऐकून सगळ्यांचा गैरसमज होतो, शिक्षकांचा आणि बाबांचाही. तू आळशी झालेला नाहीस. तू वेळापत्रकानुसारच चालला आहेस, उलट जरा पुढेच.

याच कमिन्सचं दुसरं म्हणणं असं की एका भाषेत पक्की झालेली कल्पना दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावी लागत नाही. याचा उपयोग करून घे. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. प्रकाशसंश्लेषण सुरू होणार असेल तर आधी ते आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातून वाच, तू सेमीचा असल्यामुळे इंग्रजीतलं वाच नाहीतर मराठीतलं, आणि मग जर्मन धडा उघड. पंधरा मिनिटांचं काम आहे. घरात आता फक्त जर्मन बोलायचं असा जो फतवा निघालाय, तो मी आईशी बोलून मागे घ्यायला लावते. तुझ्या आईबाबांचं जर्मन ऐकून तुझं सुधारणार नाही, हे तू त्यांना सांगू नकोस, मी सांगेन.

जीवशास्त्राचा पेपर मी नीट पाहिला. तुझे निम्मे गुण माहिती नसल्यामुळे गेलेलेच नाहीत. प्रश्नाच्या सुरुवातीला जे क्रियापद असतं त्याला इथे फार महत्त्व. ‘नेनेन’ असेल तर फक्त नावं लिहायची. तू तिथे आठ ओळी लिहिल्यास, वेळ घालवलास. ‘बेश्राइबेन’ असेल तर दिसतंय ते सांगायचं, कारण द्यायचं नाही. ‘बेग्र्युंडेन’ असेल तर कारण हवंच. चौथ्या प्रश्नात तू पुस्तकातला परिच्छेद जवळजवळ शब्दशः उतरवलास, एकही चूक न करता, आणि दहापैकी तीन मिळाले. कारण विचारलं होतं ‘आलेख पाहून कारण दे’ आणि तुझ्या उत्तरात आलेखाचा उल्लेखच नाही. आपल्याकडे या उत्तराला बाईंनी ‘छान’ लिहिलं असतं. या क्रियापदांना इथे ओपेराटोरेन म्हणतात, त्यांची यादी आणि प्रत्येकाखाली काय अपेक्षित आहे ते शाळेत मिळतं. ती यादी टेबलासमोर चिकटव. पेपर हातात आला की आधी सगळ्या क्रियापदांखाली रेघा मार.

पाठांतर मात्र फेकून देऊ नकोस. वर्गसमीकरण सोडवायच्या सूत्राला इथे दक्षिण जर्मनीत ‘मध्यरात्रीचं सूत्र’ म्हणतात, मध्यरात्री झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं पाहिजे म्हणून. तेव्हा पाढे पाठ असल्याची लाज वाटून घेण्याचं काही कारण नाही.

गणितातही दोन गुण फुकट गेलेत. तू २.५ लिहिलंस. इथे दशांशाला स्वल्पविराम, २,५. आणि टिंब हजारांसाठी, म्हणजे १.५०० हे दीड नसून दीड हजार आहेत. तुझ्या सातच्या पोटात आडवी रेघ नाही, त्यामुळे बाईंनी तो एक वाचला, कारण इथला एक वरून लांब शेपटी घेऊन येतो. आजपासून सातला रेघ. शाब्दिक उदाहरणाच्या शेवटी उत्तराचं पूर्ण वाक्य लिहायचं, ते तू लिहितोस, ती आपल्या शाळेची पुण्याई.

आता सगळ्यात कामाचं. गिम्नाझियममध्ये सातवीपासून वर्षाला एका विषयात गे-एफ-एस करायची असते. म्हणजे एखादा विषय घेऊन वर्गासमोर मांडायचा, आणि त्याचे गुण एका मोठ्या लेखी पेपराइतके धरतात. तू ती अजून केलेली नाहीस, आणि टाळायला बघतोयस. टाळू नकोस. तोंडी बोलण्याची हीच एक जागा अशी आहे जिथे तुला आठवडेच्या आठवडे तयारी करता येते. विषय भूगोल घे आणि लोणार मांड.

का, ते सांगते. तुझ्या घरापासून गाडीने फार लांब नाही असं श्टाइनहाइमचं खोरं आहे. ते उल्कापाताने झालंय. त्याच्या पलीकडे बव्हेरियाच्या हद्दीवर न्योर्डलिंगनचं रीस विवर, सुमारे २४ किलोमीटर व्यासाचं, दीड कोटी वर्षांपूर्वीचं. १९७० साली अपोलोच्या अंतराळवीरांना चंद्रावरचे दगड ओळखायला शिकवण्यासाठी तिथे आणलं होतं. इथल्या मुलांना रीस माहीत असतं, कित्येक जण सहलीला जाऊन आलेले असतात. आपलं लोणार जेमतेम १.८ किलोमीटरचं, पण ते बसाल्टमध्ये आहे, आणि बसाल्टमधली अशी विवरं पृथ्वीवर विरळा. चंद्राचे काळे डाग बसाल्टचेच, त्यामुळे लोणारचा दगड अभ्यासणाऱ्यांना फार मोलाचा. रीस आणि लोणार शेजारी शेजारी ठेवून बोललास तर वर्गात या विषयातलं तुझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल, बाईंनासुद्धा. बुलढाण्याला मामाकडे जाताना काढलेले तुझे स्वतःचे फोटो आहेतच. प्रश्नोत्तरांची तयारी आपण दोघं करू, मी खोचक प्रश्न विचारीन.

रेआलशूलबद्दल. बाबांना वाटतंय पोराचं इंजिनिअरिंग गेलं. त्यांना नकाशा माहीत नाही म्हणून वाटतंय. रेआलशूलमधून दहावी केली, जर्मन, गणित आणि इंग्रजीत बरे गुण मिळाले, की आपल्या राज्यात तीन वर्षांचं व्यावसायिक गिम्नाझियम असतं. त्यात तंत्रशाखाही आहे. तिथून मिळतं ते आबिटूर, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, पूर्ण दर्जाचं, कुठल्याही विद्यापीठात चालतं. आणि तुझ्यापुरता एक मोठा फायदा असा की दुसरी परकीय भाषा तिथे पहिल्यापासून सुरू करता येते. आत्ता तू सहावीपासून फ्रेंच शिकलेल्या मुलांमध्ये आठवीत जाऊन बसलायस, तिथेच तुझी निम्मी शक्ती जाते.

म्हणून जाच, असं मी म्हणत नाहीये. माझं मत विचारशील तर हे वर्ष गिम्नाझियममध्येच पूर्ण कर, तोंडी पाचाचे चार होतात का बघ, आणि फ्रेंचच्या बाबतीत शाळा काय सवलत देऊ शकते ते आईबाबांना लेखी विचारायला लाव. जुलैत फ्रेंच आणि जर्मन दोन्ही बुडत असतील तर बदल घे, आणि तो शिक्षा म्हणून घेऊ नकोस. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी काही मुलं त्या वाटेने गेली. ती आता तुझ्या बाबांच्याच कंपनीसारख्या कंपन्यांमध्ये आहेत. नुसत्या शाळेच्या नावासाठी तीन वर्षं रडत काढलेलीही मी पाहिली आहेत.

पालकभेटीच्या दिवशी दुभाषा म्हणून तू जाणार आहेस, असं कळलं. अजिबात जायचं नाही. मुलगा कितीही प्रामाणिक असला तरी स्वतःबद्दलची तक्रार आईबाबांना भाषांतर करून सांगताना धार बोथट करतोच, नाहीतर घाबरून दुप्पट करून सांगतो. मागच्या वेळी ‘रेआलशूलचा विचार करून पाहा’चं घरी येईपर्यंत ‘काढून टाकणार’ झालं, ते असंच. मी येते. तू हवं तर बाहेर थांब, नाहीतर फुटबॉल खेळ.

ओपेराटोरेनची यादी मिळाली की फोटो पाठव. आणि उद्याच्या जीवशास्त्रासाठीचं ते एक वाक्य आज रात्री नऊच्या आत मला पाठव. चुका मी सुधारणार नाही, फक्त वाचणार आहे.

तुझी,
मावशी

ता. क. आईने मुंबईची तिकिटं सुट्टी लागायच्या तीन दिवस आधीची बघून ठेवली आहेत, स्वस्त आहेत म्हणून. तिला सांग, इथे शाळा बुडवून आधी निघालं तर दंड होतो. २०१८ मध्ये बव्हेरियातल्या मेमिंगेन विमानतळावर पोलिसांनी शाळेच्या वयाच्या मुलांसकट निघालेल्या कुटुंबांना अडवून चौकशी केली होती. लग्न वगैरे खरं कारण असेल तर मुख्याध्यापकांकडे आधी अर्ज करायचा. मुंबईला घरी गणपती बसतो, हे कारण चालतं का ते मी विचारून ठेवते.