कोकेनचे व्यसन, डायसल्फिराम आणि जनुकचाचणी

प्रश्न : माझा धाकटा भाऊ काही वर्षांपासून कोकेन घेतो. सध्या त्याच्यावर उपचार चालू असून मनोविकारतज्ज्ञांनी डायसल्फिराम या औषधाचा विषय काढला आहे. ते कोणाला लागू पडेल हे जनुकचाचणीवरून आधीच समजते, असे वाचनात आले. ही चाचणी करून घ्यावी का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपण वाचले त्याला आधार आहे, पण उपचार ठरवण्याइतका तो भक्कम नाही. कोकेनच्या व्यसनासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. डायसल्फिराम हे मुळात दारू सोडवण्याचे औषध आहे.

कोकेनच्या बाबतीत त्याचा परिणाम वेगळ्या वाटेने होत असावा. डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन ही मेंदूतील संदेशवाहक रसायने आहेत. डोपामिनपासून नॉरॲड्रेनालिन बनवणाऱ्या डोपामिन बीटा-हायड्रॉक्सिलेज या विकराला (एन्झाइमला) तांब्याची गरज असते. डायसल्फिरामपासून शरीरात तयार होणारा एक घटक ते तांबे अडवतो आणि विकराचे काम मंदावते. कोकेन मिळेनासे झाल्यावर त्याचा नाद सोडलेल्या उंदरांना ते पुन्हा थोडेसे टोचले की त्यांची ते मिळवण्याची धडपड नव्याने सुरू होते. डायसल्फिराम आधी दिल्यास ही धडपड कमी होते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे.

या विकराचे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते. त्यातील एका जागी डीएनएच्या चार रासायनिक अक्षरांपैकी ‘सी’ऐवजी ‘टी’ हे अक्षर आले, तर रक्तातील विकराची क्रियाशीलता जन्मतःच कमी राहते. टॉमस कोस्टन आणि सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या औषधप्रयोगात 74 रुग्णांना 10 आठवडे डायसल्फिराम किंवा निष्क्रिय गोळी दिली होती. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात; दोन्ही प्रतींत ‘सी’ असलेल्यांपैकी ज्यांना औषध मिळाले, त्यांच्या लघवीच्या नमुन्यांत कोकेन सापडण्याचे प्रमाण 84 टक्क्यांवरून 56 टक्क्यांवर आले. ‘टी’ असलेल्यांना औषधाचा फायदा दिसला नाही. जे विकर आधीच मंद आहे ते आणखी मंद करून काय साधणार, हे स्पष्टीकरण मला पटते. तरीही 74 ही संख्या लहान आहे, आणि ते सर्व रुग्ण अफूजन्य पदार्थांच्याही व्यसनात होते. तेव्हा आपल्या भावाबद्दल त्यावरून भाकीत करता येणार नाही आणि जनुकचाचणीवर पैसे खर्च करावेत असे मी सुचवणार नाही.

त्याऐवजी लघवीची साधी तपासणी नियमित करावी. तीत कोकेन नव्हे, तर शरीरात त्याचे विघटन होऊन उरणारे बेंझॉयलएक्गोनिन शोधले जाते आणि ते साधारण दोन ते चार दिवस सापडते. म्हणूनच महिन्यातून एकदा केलेल्या तपासणीला फारसा अर्थ नसतो. वर्तनोपचार चालूच ठेवावेत. नमुना स्वच्छ आला की छोटे बक्षीस देण्याची पद्धत ऐकायला पोरकट वाटते, पण कोकेनच्या बाबतीत सर्वांत चांगला पुरावा तिच्याच बाजूने आहे.

डॉक्टरांनी डायसल्फिराम सुरू केलेच, तर त्याआधी यकृताची तपासणी आवश्यक आहे. हृदयविकार किंवा भ्रम-भास यांचा पूर्वेतिहास असल्यास तो लपवू नये. या औषधावर असताना दारूचा थेंबही घेता येत नाही, आणि ते बंद केल्यावरही दोन आठवडे तोच नियम पाळावा लागतो. याच काळात कोकेन घेतले तर रक्तातील त्याची पातळी एरवीपेक्षा वाढते, हे भावाला गोळी सुरू होण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे.