इटालियनची पदवी : आधी भाषा, मग विमान

सप्रेम नमस्कार, ताई.

इतिहासाची आवड असलेली आपली मुलगी बारावीनंतर इटालियन भाषा, इतिहास आणि संस्कृती शिकायला इटलीला जायचे म्हणते आणि ‘कर्ज काढून शिकायचे आणि पुढे नुसत्या खासगी शिकवण्याच घ्यायच्या का?’ असा तिच्या वडिलांचा प्रश्न आहे, असे आपण लिहिले आहे. तिला अवश्य पाठवा, परंतु यंदा नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

इटालियन माध्यमाच्या पदवीला साधारणपणे बी२ पातळीची, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरच्या सहा पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीची भाषा लागते. तीन वर्षांत 180 क्रेडिट मिळवायचे असतात आणि पुष्कळशा परीक्षा तोंडी असतात. प्राध्यापकांसमोर बसून महाकवी दान्तेच्या ओळींचा किंवा इटलीच्या 1861 च्या एकीकरणाचा अर्थ उलगडावा लागतो. गुण 30 पैकी असतात आणि 18 ला उत्तीर्ण होता येते. कुटुंबाच्या उत्पन्नावर मिळणारी तिथली प्रादेशिक शिष्यवृत्ती पुढे चालू राहण्यासाठी ठरावीक क्रेडिट वेळेत मिळवावे लागतात, त्यामुळे भाषा कच्ची राहिली तर त्याचा फटका थेट घरखर्चाला बसतो.

बारामतीचा पियाजिओ किंवा रांजणगावचा फियाट या मूळच्या इटालियन कंपन्यांचा कारखाना पाहून नुसत्या भाषेवर नोकरी मिळेल, असे गृहीत धरू नये. भाषेला जोड हवी, आणि इतिहासाची आवड व मराठी ही जोड तिच्याजवळ आहे. फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती 1588 मध्ये गोव्यात वारला. त्याने भारतातून लिहिलेल्या पत्रांत संस्कृत आणि इटालियन शब्दांतले साम्य टिपले आहे. आपले सात, आठ, नऊ आणि त्यांचे ‘सेत्ते, ओत्तो, नोवे’ शेजारी ठेवून पाहा! व्हेनिसचा निकोलाओ मनुची 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत शिवाजी महाराजांना भेटला होता. मराठी, मोडी आणि इटालियन या तिन्हींत मुळातून वाचू शकणारी अभ्यासक मला फार मोलाची वाटते. मात्र त्या वाटेवर पदवीनंतर एम.ए. आणि संशोधन करावे लागते, हे वडिलांना आजच सांगावे.

खर्च झेपणार नसेल तर दिल्ली विद्यापीठात इटालियनची बी.ए. ऑनर्स आहे, तिचाही विचार करावा. एरवी हे एक वर्ष केवळ भाषेला द्यावे आणि सिएनाची ‘चिल्स’ किंवा पेरूजाची ‘चेली’ ही इटालियन भाषेच्या प्रमाणपत्राची परीक्षा बी२ पातळीला द्यावी. तो निकाल हाती येईपर्यंत कर्जाच्या कागदांवर सही करू नका. निकाल आला की मला पुन्हा लिहा, म्हणजे विद्यापीठ कोणते निवडायचे ते ठरवता येईल.