पाणी वाटले, पुराचे काय?

प्रश्न : आमचे गाव शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी आहे. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांत आम्हाला घर सोडावे लागले. पाणी चढले की कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा विसर्ग वाढवावा म्हणून मुंबईहून बंगळूरला फोन जातात. दोन्ही राज्यांनी मिळून धरणे चालवावीत, असा कायदाच नाही का?

उत्तर : कायदा आहे. आंतरराज्य नद्यांसाठी मंडळे नेमता यावीत म्हणून संसदेने १९५६ मध्ये नदी मंडळ कायदा केला. परंतु त्याखाली आजवर एकाही नदीचे मंडळ स्थापन झालेले नाही. राज्यांमधले पाणीतंटे लवादाकडे सोपवणाऱ्या, त्याच वर्षीच्या जलविवाद कायद्याचा मात्र भरपूर वापर झाला, कारण राज्यांना एकत्र बसण्यापेक्षा लवादापुढे भांडणे सोपे वाटते.

कृष्णेचेच पाहा. बच्छावत लवादाने १९७३ मध्ये महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. त्याच लवादाने ‘ब’ योजनेत संपूर्ण खोऱ्यासाठी एका प्राधिकरणाची कल्पना मांडली होती. पण तिन्ही राज्यांची संमती जुळली नाही आणि अंतिम आदेशात केवळ वाटपाची ‘अ’ योजना उरली. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास परवानगी देताना अंमलबजावणी मंडळाचीही तरतूद केली. तो निवाडा राजपत्रात प्रसिद्ध करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मनाई केली, त्यामुळे मंडळही अडकले. कावेरीला २०१८ मध्ये प्राधिकरण मिळाले, कृष्णेला नाही.

तुमच्या प्रश्नाचे मूळ मला याहून खोल दिसते. लवाद वर्षभराचे पाणी टीएमसीत मोजतात, तर पूर तासांत चढतो. एक लाख क्युसेक (सेकंदाला एक लाख घनफूट) विसर्ग दिवसभर चालू राहिला, तर साधारण ८.६४ टीएमसी पाणी पुढे जाते. अलमट्टीची साठवण १२३ टीएमसी आहे. त्यात १७ टीएमसीची मोकळी जागा करायची, तर धरणात येणाऱ्या पाण्यापेक्षा एक लाख क्युसेक जादा पाणी सलग दोन दिवस सोडावे लागेल. म्हणजे पाणी सांगलीच्या इर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडू लागल्यावर केलेला फोन उशिराचाच ठरतो. निर्णय त्याच्या दोन-तीन दिवस आधी, कोयना व वारणेच्या पाणलोटातील पावसाच्या अंदाजावर घ्यायला हवा, आणि तो अंदाज चुकल्यास रिकाम्या राहिलेल्या धरणाची जबाबदारी कोणाची, हे आधीच लिहून ठेवायला हवे. कर्नाटकाचा शेतकरी त्याच साठ्यावर अवलंबून असल्यामुळे ही भीती खोटी नाही.

अलमट्टीच्या फुगवट्यामुळेच, म्हणजे धरणात अडून मागे साचणाऱ्या पाण्यामुळेच, सांगली-कोल्हापूर बुडते का, याविषयी २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला मुख्य कारण मानले नाही. नदीकाठच्या अनेक अभ्यासकांना व कार्यकर्त्यांना हा निष्कर्ष मान्य नाही. माझ्या मते, पूररेषेत झालेली बांधकामे आणि आपल्याच धरणांमधून एकाच वेळी होणारे विसर्ग यांचा हिशेब टाळून सारा दोष सीमेपलीकडे ढकलणे सोयीचे असले, तरी त्याने तुमच्या दारातले पाणी एक इंचही उतरत नाही. कर्नाटकातल्या हिप्परगी बंधाऱ्याचे दरवाजे आणि अलमट्टीची पातळी यांविषयीचे प्रश्नही तितक्याच नेटाने विचारले पाहिजेत. मात्र त्यांची उत्तरे देणारी, दोन्हीकडचे अभियंते असलेली आणि आदेश देण्याचा अधिकार असलेली कायमची यंत्रणा हवी. आज दोन्हीकडचे अधिकारी आकडे एकमेकांना कळवतात, बैठकाही घेतात, पण सारा व्यवहार सौजन्यावर चालतो.

प्रश्न : मग उन्हाळ्यात कर्नाटकाने मागितले की कोयनेचे पाणी आपण का द्यावे? सांगली जिल्ह्यातले आमचे जत तर कोरडेच आहे.

उत्तर : बच्छावत निवाड्यात महिनावार पाणी सोडण्याचे बंधन महाराष्ट्रावर नाही, त्यामुळे असे पाणी मुख्यतः पिण्याच्या गरजेपोटी दिले जाते. त्याच्या मोबदल्यात कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर उपसा सिंचन योजनेतून जतच्या पूर्व भागातील गावांना पाणी मिळावे, ही मागणी रास्त आहे, आणि भूगोलही तिच्या बाजूचा आहे. अशी अदलाबदल लेखी झाली, तर दोन्ही राज्यांचे अभियंते वर्षातून निदान एकदा पूर नसताना एका टेबलाशी बसतील.