१४ ऑगस्टच्या आत दावा दाखल करा

खानापूर भागातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत त्यांनी नऊ वर्षं स्टोअर सांभाळलं आणि गेल्या वर्षी जुलैत राजीनामा दिला. महिन्याभरातच, १४ ऑगस्टला, मालकांनी माल पुरवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचं नाव घालून लिहिलं : 'यांना कामावरून काढलं आहे. स्टोअरला हात मारून गेलेला माणूस आहे. कुणी व्यवहार करू नये.' कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत जवळजवळ ठरलेली नोकरी त्यानंतर फिसकटली. वाचक विचारतात, 'ग्रॅच्युइटीचे पैसे अडकलेत. ते मिळेपर्यंत गप्प बसतो आणि मग बदनामीचा दावा लावतो. तीन वर्षांची मुदत असते ना?'

नसते. वकील म्हणून अशी पत्रं मला सारखी येतात आणि जवळजवळ प्रत्येकात ही तीन वर्षं असतात. १९६३च्या मुदत कायद्याच्या अनुसूचीतला अनुच्छेद ७५ वाचा : लेखी बदनामीच्या भरपाईसाठी दावा एका वर्षात लावायचा, आणि ते वर्ष मजकूर प्रसिद्ध झाल्या दिवसापासून मोजायचं. तुम्हाला मेसेज ऑक्टोबरात कळला, पण त्यानं काही फरक पडत नाही. मी हे लिहिते आहे १७ जुलैला. तुमच्या हातात चार आठवडे आहेत.

वकिलाची नोटीस पाठवली म्हणून मुदत थांबत नाही. उशीर माफ करण्याचा अर्ज अपिलात चालतो, मूळ दाव्यात चालत नाही. 'चर्चा सुरू होती' हेही कोर्ट ऐकून घेणार नाही. नंतर दावा वर्षानुवर्षं पडून राहील, तारखा पडत राहतील, हे मी रोज बघते आणि त्याचा मला राग येतो. पण कोर्ट दहा वर्षं लावेल म्हणून तुम्हाला एक दिवसही जास्त मिळत नाही.

तीन वर्षं आहेत ती फौजदारी फिर्यादीला. भारतीय न्याय संहितेचं बदनामीचं कलम ३५६, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ही फिर्याद तुम्ही स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे द्यायची असते, पोलीस यात परस्पर गुन्हा नोंदवू शकत नाहीत. तुम्ही ठाण्यात दोन महिने चकरा मारल्यात त्या वाया गेल्या. फिर्याद द्यायची की नाही ते कागद बघून ठरवू, आज मी हो किंवा नाही म्हणत नाही.

आता त्या मेसेजकडे या. बदनामीच्या दाव्यात मूळ शब्द जसेच्या तसे लिहावे लागतात, 'चोर म्हणाले' असा गोषवारा चालत नाही. आपल्याकडे मेसेज मराठीत आणि कोर्टाचं काम कन्नड नाहीतर इंग्रजीत, त्यामुळे भाषांतर जोडावं लागतं. 'हात मारला' याचं शब्दाला शब्द भाषांतर करून बघा. स्टोअरवर थाप मारली, असंच काहीतरी होईल आणि त्यात बदनामी कुठेच दिसणार नाही. मी अशी भाषांतरं पाहिली आहेत. मूळ मराठी ओळ, तिचं भाषांतर आणि इथल्या माणसाला त्यातून चोरीच कळते हे वेगळं वाक्य, असं तिन्ही दाव्यात यायला हवं. ग्रुपमधल्या एकानं तरी साक्षीत सांगायला हवं की मी हे वाचलं आणि मला हाच अर्थ लागला.

मालकांचं उत्तर काय येईल तेही सांगते. शिरोलीच्या कारखान्यानं फोन करून विचारलं आणि जुन्या मालकानं प्रामाणिकपणे मत दिलं, तर त्याला कायद्याचं बरंच संरक्षण आहे; आकसानं बोलले हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणून त्या फोनवर फार भिस्त ठेवू नका. ग्रुपवर मात्र कुणीही काही विचारलं नव्हतं. 'यापुढे यांच्या सहीवर माल देऊ नये' एवढंच लिहिलं असतं, तर माझ्याकडे बोलण्यासारखं फारसं नव्हतं.

चोरी खरी ठरली तर दिवाणी दावा तिथेच संपतो. ती खरी होती हे सिद्ध करणं मालकांचं काम, पण त्यांची वाट तुम्हीच सोपी करून ठेवली आहे. नऊ वर्षं चलनावर सही घेतल्याशिवाय तुम्ही कुणाला गेट पास दिला नसेल. आणि स्वतः निघताना? राजीनामा व्हॉट्सअ‍ॅपवर, चाव्या वॉचमनच्या हातात, स्टॉक रजिस्टर कुणाच्याही सहीशिवाय टेबलावर. एका पानावर पोच मागितली असती तर आज 'कामावरून काढलं' हे खोटं दोन मिनिटांत उघडं पडलं असतं. आता राजीनाम्याचा तो मेसेज आणि मालकांचं 'ठीक आहे' हेच तुमचे कागद. तो फोन बदलू नका, विकू नका, रिसेट करू नका.

दावा बेळगावात लावता येईल, आणि मेसेज कोल्हापूरच्या पुरवठादारांनी तिथे वाचला असेल तर कोल्हापुरातही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १९ तशी निवड देतं. साक्षीदार कुठले मिळतात त्यावर ठरवू. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर बसते, तेव्हा रागाच्या भरात मोठा आकडा टाकू नका.

ग्रॅच्युइटीची वाट बघण्यात अर्थ नाही. ती तीस दिवसांत द्यायची असते, तिचा अर्ज वेगळ्या अधिकाऱ्याकडे जातो आणि तुम्ही दावा लावला म्हणून ती बुडत नाही. तुमची भीती मला समजते, नऊ वर्षांच्या घामाचे पैसे आहेत. पण त्याच भीतीत तुम्ही ऑक्टोबरापासूनचे सगळे महिने घालवलेत.

तुम्ही ग्रुपमध्ये नव्हता. स्क्रीनशॉट तुमच्या एका पुरवठादार मित्रानं पाठवला, म्हणजे मूळ मेसेज त्याच्या फोनमध्ये. फोनमधल्या मजकुराची प्रत पुराव्यात द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र त्याच्याकडून लागेल, नाहीतर तो फोन घेऊन त्यानं स्वतः पिंजऱ्यात उभं राहायला हवं. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये जुन्या पुरावा कायद्याखाली हेच सांगितलं. त्याला फाउंड्रीची ऑर्डर जाण्याची भीती आहे, असं तुम्ही लिहिलंय. असणारच. तरी आज संध्याकाळी त्याच्या दुकानात जा. मेसेज फोनमध्ये अजून आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, वरची तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा दुसऱ्या फोननं व्हिडिओ घ्या, आणि प्रमाणपत्रावर सही देशील का ते तिथेच विचारा. तो नाही म्हणाला तर ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाला विचारायचं, ती नावं मला याच आठवड्यात हवीत.